आठवीच्या पोरांनी इथिओपियाला ब्रिक्समध्ये न्यायचं की नाही? (प्रॉब्लेम बेस्ड लर्निंग आणि पालकांची झोप)

कॉलेजरोडवाली

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, वैतागून लिहितेय.

मुलगी आठवीत आहे. शाळेचं नाव नको, गंगापूर रोडच्या बाजूची आहे एवढंच. यंदापासून त्यांनी "प्रॉब्लेम बेस्ड लर्निंग" सुरू केलंय. म्हणजे आधी धडा नाही शिकवायचा, आधी प्रश्न द्यायचा, आणि पोरांनी तो सोडवता सोडवता शिकायचं. पालकसभेत स्लाइड दाखवल्या, सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली.

आता आलेला प्रश्न जसाच्या तसा देते: "ऑगस्ट २०२३. तुम्ही इथिओपियाचे अर्थमंत्री आहात. जोहान्सबर्गच्या परिषदेत तुमच्या देशाला ब्रिक्सचं आमंत्रण मिळालं आहे. स्वीकारायचं की नाही, कारणांसह सांगा." पाच जणांचा गट, तीन आठवडे, दहा मिनिटांचं सादरीकरण.

ब्रिक्स म्हणजे ब्राझील, रशिया, भारत, चीन, दक्षिण आफ्रिका वगैरे देशांचा गट, एवढं गुगलने सांगितलं. आमच्या घरात इथिओपिया म्हटलं की कॉफी, त्यापलीकडे शून्य. पहिल्या आठवड्यात पोरीने दोन पानं लिहून आणली, त्यात "बहुध्रुवीय जागतिक व्यवस्था" असा शब्द चार वेळा. मी विचारलं अगं याचा अर्थ काय, तर म्हणाली, "माहीत नाही, पण भारी वाटतं ना?" दुसऱ्या आठवड्यात पालकांचा वेगळा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघाला, नाव "इथिओपिया ऑफिशियल". काल रात्री साडेअकराला एक बाबा तिथे परकीय चलनाच्या साठ्याचा तक्ता टाकत होते. पोरं झोपलेली.

तर प्रश्न असा की याने मुलं खरंच शिकतात का? काही संशोधन वगैरे आहे, की नुसतंच नवीन लेबल? आणि ब्रिक्सबद्दल कोणाला सोप्या भाषेत सांगता आलं तर तेही सांगा, शनिवारी सादरीकरण आहे.

मिसळ_विथ_दही

इथिओपिया ऑफिशियल 😂😂 मला अ‍ॅड करा, मी परराष्ट्रमंत्री होतो.

पंचवटी_एक्सप्रेस

आमच्याकडे ज्वालामुखी होता. थर्माकोल, लाल रंग, खायचा सोडा. इनो संपलं घरातलं. तुमचं बरंय म्हणायचं.

खवट_आजोबा

आम्हाला बाईंनी पाढे पाठ करायला लावले, तीसपर्यंत, पावकी निमकीसकट. आजही भाजीवाल्याच्या आधी माझा हिशोब होतो. आठवीच्या पोराला अर्थमंत्री करणारे तुम्ही, त्याला आधी सव्वाआठ टक्क्यांनी व्याज काढून दाखवा म्हणावं.

अर्धवट_पीएचडी

ताई, संशोधन भरपूर आहे, आणि गंमत म्हणजे आजोबा पूर्ण चूक नाहीत. (आजोबा, हे लिहून ठेवा, पुन्हा म्हणणार नाही.)

ही पद्धत शाळेत जन्मलेलीच नाही. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या मेडिकल कॉलेजात १९६९ साली सुरू झाली. हॉवर्ड बॅरोज हे त्यातलं मोठं नाव. दुखणं असं होतं की पोरं पुस्तकं पाठ करून पास व्हायची, पण समोर पेशंट आला की डोकं बंद. मग म्हणाले, पहिल्या दिवसापासून पेशंटच देऊ, छोटा गट, बरोबर एक मार्गदर्शक, काय येत नाही ते गटानेच शोधायचं. पुढे हॉलंडमधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठाने उचललं, मग इंजिनिअरिंग, मग शाळा.

आता लक्षात घ्या, तिथे शिकणारा कोण होता? बावीस-तेवीस वर्षांचा, पारखून घेतलेला, कॉलेज करून आलेला माणूस. आठवीतली पोर नव्हे.

२००६ मध्ये कर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या तिघांचा एक लेख आला, शिक्षणशास्त्रात त्यावर अजून भांडणं चालू आहेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: माणसाच्या डोक्यात एका वेळी फार थोड्या नव्या गोष्टी मावतात. ज्याला विषयाचं काहीच माहीत नाही त्याला मोकळा प्रश्न दिला तर सगळी ताकद चाचपडण्यातच जाते, शिकायला काही उरत नाही. नवख्याला आधी सोडवून दाखवलेली उदाहरणं द्या. तो तयार झाला की मग मोकळं सोडा, तेव्हा उलट ती सोडवलेली उदाहरणंच त्याला अडथळा होतात.

पुढच्याच वर्षी मेलो-सिल्व्हर आणि मंडळींनी उत्तर दिलं की तुम्ही आमच्यावर भलताच आरोप करताय, या पद्धतीत पोरांना वाऱ्यावर सोडत नाहीत, पावलोपावली टेकू असतो. म्हणजे भांडण खरं तर टेकू किती, यावर आहे.

तुमच्या केसमध्ये टेकू कोण देतंय ते व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपच्या नावातच कळतंय.

कॉलेजरोडवाली

शेवटचं वाक्य लागलं. पण बरोबर आहे.

बाई_झेडपीच्या

मी पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर शिकवते, अठरा वर्षं झाली नोकरीला. अर्धवटसाहेब, मेडिकल कॉलेजचं राहू द्या, आमच्याकडे "ज्ञानरचनावाद" (मुलं स्वतः करून शिकतात तो) आला होता ते आठवतं का? २०१५ च्या प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र या सरकारी कार्यक्रमाच्या वेळी साताऱ्याचं कुमठे बीट, म्हणजे तिथल्या शाळांचा गट, बघायला अख्ख्या महाराष्ट्रातून गाड्या भरभरून शिक्षक गेले. तिथे काम खरंच चांगलं होतं, मी डोळ्यांनी बघितलंय. पण परत आल्यावर बहुतेक ठिकाणी काय झालं, तर वर्गाच्या फरशीवर ऑइलपेंटने गोल आणि चौकोन. फरशी रंगवली की रचनावाद झाला. आतलं काम कोणी उचललं नाही कारण ते फोटोत येत नाही.

तरी मी या पद्धतीच्या बाजूने आहे, का ते सांगते. आमच्याकडे पाऊस धो धो, आणि मार्चमध्ये विहिरीचा तळ. पाचवी-सहावीच्या पोरांना मी हाच प्रश्न दिला, इतका पाऊस पडून आपली विहीर का आटते? पण त्याआधी दोन आठवडे मोजणं शिकवलं, सरासरी शिकवली, तक्ता कसा भरायचा ते शिकवलं. मग एक जुना कासरा घेतला, हाताहातावर गाठी मारल्या, खाली दगड बांधला, आणि रोज शाळा भरायच्या आधी दोघांनी जाऊन ओल्या गाठी मोजायच्या. सहा आठवडे. त्यांनाच दिसलं की पाणी रोज सारखं उतरत नाही, लग्नाच्या तिथीला दोन दोन गाठी खाली जातं. एका पोराने विचारलं, बाई पाऊस तर डोंगरावरून पळून जातो, मग विहिरीत येतं ते पाणी कुठलं? त्या दिवशी मी खडकाचा धडा शिकवला. आधी शिकवला असता तर अर्धा वर्ग झोपला असता.

नंतर तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, पोर्शन कुठवर आलाय?

अडगळ

बाई, हे वाचून अंगावर काटा आला. पोर्शनवर मात्र फुटलो.

खवट_आजोबा

हे गांधींनी कधीच सांगितलं होतं. १९३७ ची वर्ध्याची परिषद, नई तालीम. हाताने काम करत करत शिकायचं. झाकीर हुसेन समितीने अभ्यासक्रमसुद्धा करून दिला. तेव्हा चरखा म्हणून नाकं मुरडली, आता कॅनडाहून आलं म्हणून फी भरता.

अर्धवट_पीएचडी

आजोबा आज फॉर्मात आहेत. मध्य प्रदेशातला होशंगाबादचा विज्ञान कार्यक्रमही आठवा, १९७२ ला सुरू झाला, खेड्यातल्या सरकारी शाळांत पोरं स्वतः प्रयोग करून शिकत होती, आणि २००२ मध्ये सरकारने बंद केला. तीस वर्षं चाललेली गोष्ट.

बाईंनी केलं ते नेमकं संशोधनाला धरून आहे. आधी हत्यारं दिली, मग प्रश्न, आणि प्रश्न पेटल्यावर धडा. सिंगापूरमध्ये मनू कपूर यांनी यावरच काम केलंय. मुलांना आधी झगडू द्या, चुकू द्या, पण त्यानंतर शिकवाच. ते नंतरचं शिकवणं गाळलं की नुसतं अपयश उरतं, शिकणं होत नाही.

आकडे हवे असतील तर, २००३ चा दोशी आणि सहकाऱ्यांचा आढावा आहे, ४३ अभ्यास एकत्र केलेले, बहुतेक कॉलेजचे. निष्कर्ष मजेशीर: ज्ञान वापरता येण्यात ही मुलं पुढे, नुसत्या माहितीच्या परीक्षेत किंचित मागे, पण जे शिकली ते जास्त काळ टिकलं. कशाने मुलं किती शिकतात याच्या, जॉन हॅटी या संशोधकाच्या २००९ च्या मोठ्या यादीत मात्र या पद्धतीच्या परिणामाचा आकडा ०.१५, आणि तो ०.४० च्या खालचं फारसं मोजत नाही. त्याच यादीत "प्रश्न कसे सोडवायचे ते शिकवणं" याला ०.६१. नावं ऐकायला जुळी, काम वेगळं.

मिसळ_विथ_दही

दोशी म्हणजे आपले गुजराती का?

अर्धवट_पीएचडी

बेल्जियमचे. स्पेलिंगने घात केला, डोची म्हणा हवं तर.

पंचवटी_एक्सप्रेस

मग निकाल काय? एका आकड्याने पास, एकाने नापास. तुम्ही लोक नेहमी असंच करता.

अर्धवट_पीएचडी

कारण वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळं झालंय. अमेरिकेत बारावीच्या पातळीच्या कोर्सवर एक प्रयोग झाला, कोणी ही पद्धत वापरायची ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं, निकाल २०२१ मध्ये आला, नागरिकशास्त्र आणि पर्यावरण हे विषय. प्रकल्पातून शिकलेल्या मुलांचं परीक्षेत पास होण्याचं प्रमाण पहिल्याच वर्षी आठ टक्के अंकांनी जास्त आलं. पण तिथे शिक्षकांना वर्षभर प्रशिक्षण आणि पाठबळ होतं. इंग्लंडमधल्या अशाच मोठ्या प्रयोगाचा निकाल २०१६ ला आला, तर वाचन-लेखनावर ठळक परिणाम काही दिसला नाही, गरीब घरच्या मुलांचं तर थोडं नुकसानच झालं असावं असं निघालं, आणि बऱ्याच शाळा अर्ध्यातून गळाल्या.

गरीब मुलांचं का, ते या धाग्यावर कळतंयच. ज्या घरात रात्री साडेअकराला परकीय चलनाचा तक्ता काढणारा बाप नाही, त्या पोराने काय करायचं?

प्रेसवाला_निवृत्त

शैक्षणिक चर्चा चालू द्या, मी ब्रिक्सवर येतो. लोक म्हणतात ब्रिक्सची स्वतःची नोट येणार. आली तर छापायला कुठे देणार? नाशिकरोडलाच या म्हणावं. १९२८ पासून छापतोय आम्ही. फक्त फोटो कोणाचा टाकायचा यावर पहिली दहा वर्षं जातील 😀

ओझर_हँगर

प्रेसवाले काका 🙏 आम्ही ओझरच्या विमान कारखान्यातले. साठच्या दशकात रशियन मिग विमानं आली तेव्हा ब्रिक्स सोडा, हा शब्द सुचणारा माणूसही शाळेत होता. नंतर सुखोई आलं. सांगायचा मुद्दा, रशियाशी आपलं जे काही आहे ते दोघांतलं आहे, त्याला क्लबचं कार्ड लागलं नाही.

कॉलेजरोडवाली

अहो पण मला कोणी सरळ सांगेल का हे ब्रिक्स म्हणजे करार आहे, संघटना आहे, की नुसती भिशी?

दुबई_नाशिक

ताई, भिशी हा शब्द अगदी बरोबर लागलाय. मी दुबईत जेबेल अली बंदराला मालवाहतुकीत आहे, मूळचा सिडकोचा. मला समजलंय ते सांगतो.

ब्रिक हा शब्द कुठल्या देशाने काढलेला नाही, गोल्डमन सॅक्सच्या जिम ओनील यांनी २००१ मध्ये काढला, गुंतवणूकदारांसाठी. ब्राझील, रशिया, भारत, चीन. नावं दिलेल्या लोकांनी नंतर खरंच भेटायचं ठरवलं, २००९ मध्ये रशियात येकातेरिनबुर्गला पहिली शिखर परिषद. दक्षिण आफ्रिका २०११ पासून बसायला लागली, म्हणून शेवटचा एस. म्हणजे दलालाने लावलेलं लेबल आणि त्यातून खरं दुकान उघडलं, असा प्रकार.

यात काय नाही ते आधी बघा. जकात माफी नाही. सह्या करून बांधून घेणारा व्यापार करार नाही. कायमचं सचिवालय पण नाही, ज्याच्याकडे त्या वर्षी अध्यक्षपद त्याच्याकडे दप्तर, यंदा २०२६ ला ते आपल्याकडे आहे. काय आहे, तर शांघायला मुख्यालय असलेली न्यू डेव्हलपमेंट बँक. २०१४ ला फोर्तालेझात ठरली, पाच जणांनी सुरुवातीला सारखाच वाटा, दहा दहा अब्ज डॉलर, मतंही सारखी. पहिले अध्यक्ष आपले के. व्ही. कामत. मुंबई मेट्रोला त्या बँकेचं कर्ज आहे. दुसरी एक अडीअडचणीची थैली आहे शंभर अब्जांची, तिच्यात चीनचे ४१, भारत रशिया ब्राझीलचे १८-१८ आणि दक्षिण आफ्रिकेचे ५. इथे मात्र भिशी मोडते, कारण वाटा सारखा नाही.

आणि हे पोरांना नक्की सांगा: ब्रिक्समध्ये गेलात म्हणून बँकेत आपोआप जागा मिळत नाही, ती वेगळी मागावी लागते. उलट बांगलादेश ब्रिक्समध्ये नाही पण २०२१ पासून बँकेत आहे.

कॉलेजरोडवाली

हे मला तीन आठवड्यांत कोणी सांगितलं नव्हतं. प्रिंट काढतेय.

बाई_झेडपीच्या

काढू नका ताई! पोरीला धागा वाचायला द्या, तिचं तिला काढू द्या.

निफाडचा_बागायतदार

आमच्या बाजूनी सांगतो मंग. ब्रिक्स फिक्स काय आम्हाला माहीत नाय बॉ, आम्ही बघतो कंटेनर निघतो का नाय निघत.

द्राक्षं युरोपला जातात, रशियाला बी जातात. २०१० साली युरोपात एका औषधाच्या अंशावरून आमचे कंटेनर अडकले, तवा लई लोकं बसले, ते सावरायला दोन तीन हंगाम गेले. तिथं कोणी क्लब मेंबर आहे का विचारत नव्हतं, लॅबचा रिपोर्ट विचारत होते. रशियाला आमचा निर्यातदार माल पाठवायचा, तर २०२२ नंतर पैसे कोणत्या बँकेतून येणार यातच त्याचा जीव अर्धा. रुपयात घ्या म्हणले. आता रशियाकडं आपले रुपये एवढे साचले की त्यांचा मंत्रीच गोव्यात येऊन बोलला, मे २०२३ ला, की अब्जावधी रुपये तुमच्या बँकेत पडलेत, करायचं काय त्याचं. कारण आपण तेल ढीगभर घेतो, आपला माल ते त्या मानानं कमी घेतात. मंग डॉलर नको म्हणणं सोपं, घेणंदेणं सारखं कुठून आणायचं.

आन कांद्याचं तर बोलूच नका. ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यात शुल्क, ८ डिसेंबरला सरळ बंदी. मी त्या आठवड्यात लासलगावला ट्रॅक्टर घेऊन उभा होतो, लिलाव पुकारणारा माणूस पुढं आला, कांदा हातात घेतला, आन बोललाच नाय काही, टाकला परत. गोल्टीचा, म्हंजी बारीक कांद्याचा भाव चांगल्या मालाला.

दुबई_नाशिक

भाऊ, त्याचीच दुसरी बाजू मी इकडून बघत होतो. १ जानेवारी २०२४ ला युएई ब्रिक्समध्ये आलं, इजिप्त, इराण, इथिओपियाबरोबर. इकडे पेपरात अभिनंदन, आणि आमच्या गोडाऊनला नाशिकचा कांदा नाही, सरकार ते सरकार परवानगीचा थोडा माल सोडला तर. त्याच हिवाळ्यात इजिप्तनेसुद्धा आपली कांदा निर्यात थांबवली होती. दोघेही एकाच क्लबचे. बंदी ४ मे ला उठली तरी ४० टक्के शुल्क राहिलं, सप्टेंबरला २० झालं, आणि १ एप्रिल २०२५ ला शून्य.

म्हणून मी म्हणतो क्लब वेगळा आणि करार वेगळा. युएईशी आपला व्यापार करार मे २०२२ पासून लागू आहे, त्याने दागिने, कपडे यांच्यावरची जकात खरोखर कमी झाली, कागदावर लिहिलेलं आहे. ब्रिक्सने माझ्या एकाही बिलात एक दिरहम कमी झालेला नाही.

अडगळ

मग देश रांगा लावून का जातायत? इंडोनेशिया जानेवारी २०२५ ला गेला, मलेशिया, थायलंड, नायजेरिया भागीदार झाले. सगळे वेडे आहेत का?

अर्धवट_पीएचडी

माझा विषय नाही पण नवरा राज्यशास्त्र शिकवतो, त्याला विचारून टाकते. (हो, मी बाई आहे, मघाशी "साहेब" कोणी म्हटलं ते बघितलंय.)

तो म्हणतो, महागडा क्लब आणि स्वस्त क्लब असा फरक करा. महागड्यात आत जाताना घर बदलून घ्यावं लागतं. चीनला जागतिक व्यापार संघटनेत यायला १९८६ ते २००१, पंधरा वर्षं लागली, किती कायदे आणि जकाती बदलाव्या लागल्या. पूर्व युरोपातले देश २००४ ला युरोपियन युनियनमध्ये गेले तेव्हा त्यांना तिथला सगळा नियमांचा डोंगर स्वीकारावा लागला. त्यात फायदाही मोठा आणि चटकाही. मेक्सिको १९९४ मध्ये अमेरिका-कॅनडाच्या करारात गेला, त्याच वर्षी श्रीमंत देशांच्या ओईसीडीतही गेला, आणि त्याच डिसेंबरला पेसो कोसळला. दक्षिण कोरिया १९९६ ला ओईसीडीत, १९९७ ला संकट. क्लबमुळेच झालं असं नाही, पण आत येताना पैशाचे दरवाजे घाईने उघडले, हा एक भाग होता.

स्वस्त क्लबात काही बदलावं लागत नाही. फोटो निघतो, चार दारं किलकिली होतात, आणि जुन्या श्रीमंत मित्राशी घासाघीस करताना "माझ्याकडे दुसरीही जागा आहे" म्हणता येतं. म्हणून रांग.

मिसळ_विथ_दही

म्हणजे लग्न आणि लिव्ह इन.

प्रेसवाला_निवृत्त

आपण नोव्हेंबर २०१९ ला बँकॉकमध्ये आरसेप या आशियातल्या मोठ्या व्यापार करारातून उठून आलो ते लग्न मोडणं म्हणायचं का?

मिसळ_विथ_दही

साखरपुड्यात रुसवा. चीनचं दूध आणि माल येईल म्हणून आत्याबाई रुसल्या.

दुबई_नाशिक

दुधाची भीती न्यूझीलंडची होती, चीनची नाही. बाकी उपमा चालेल.

ओझर_हँगर

बरं साधना हॉटेल... असो, मिसळ कुठली ते विचारणार होतो, नाव बघून भूक लागली.

संपादक

मिसळीचा धागा वेगळा आहे, तिथे ४१२ प्रतिसाद आहेत. कृपया इथे तर्रीवर भांडण नको.

बाई_झेडपीच्या

मला एक खटकतंय ते बोलते. नाशिकच्या पोरांना ब्रिक्स शिकवायचंय तर इथिओपिया कशाला? कांदा आहे, द्राक्ष आहे, नोटांचा छापखाना आहे, विमानांचा कारखाना आहे, बसने जाऊन बघता येईल. दूरचा प्रश्न दिला की पोर गुगलवर जातं, जवळचा दिला की पोर विहिरीवर जातं.

अडगळ

बाई, इथे मी सहमत नाही. कांद्याचं उत्तर पोरांना आधीच माहीत असतं, बाप जे बोलतो तेच. सरकार वाईट किंवा व्यापारी चोर. इथिओपियाबद्दल कोणाचं काही ठरलेलं नसतं, त्यामुळे विचार करावा लागतो. माझा अनुभव आहे, मी क्लासमध्ये वादविवाद घेतो. घरच्या विषयावर पोरं बापाचा आवाज काढतात.

बाई_झेडपीच्या

हं. हे खरंय थोडं. पण मग इथिओपिया आधी शिकवा तरी.

निफाडचा_बागायतदार

बापाचा आवाज काढतात 😂 माझं पोरगं काढतं, मास्तरनं सांगितलंय मला.

अर्धवट_पीएचडी

ताई, इथिओपियासाठी चार धागे देते, उत्तर नाही देत, पोरांना ओढू द्या. एक, १९९३ ला एरिट्रिया वेगळा झाल्यापासून त्या देशाला समुद्र नाही. दोन, जागतिक व्यापार संघटनेत यायला २००३ पासून अर्ज करून बसलाय. तीन, नाईलवरच्या धरणावरून ज्या इजिप्तशी भांडण, त्याच इजिप्तबरोबर एकाच दिवशी ब्रिक्समध्ये आलाय. चार, डिसेंबर २०२३ ला त्यांना कर्जरोख्यांचा ३.३ कोटी डॉलरचा हप्ता भरता आला नाही, आणि जुलै २०२४ ला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडूनच मदत घ्यावी लागली, त्यासाठी चलनाचा भाव मोकळा सोडला. म्हणजे नव्या क्लबात जाऊनही अडीला जुनाच सावकार.

बंदराच्या मुद्द्याला तिला नकाशा द्या, फोन नको. कागदाचा, घडीचा.

खवट_आजोबा

माझ्याकडे १९८० सालचा अ‍ॅटलास आहे, त्यात एरिट्रिया इथिओपियातच आहे. हवा तर घेऊन जा, इंदिरानगरला राहतो.

पंचवटी_एक्सप्रेस

आजोबा तुम्ही पहिल्यांदा उपयोगी पडलात.

कॉलेजरोडवाली (रविवार, सकाळ)

झालं काल. सांगायलाच हवं म्हणून लिहितेय.

बुधवारी पालकांचा ग्रुप मी बंद करायला लावला, दोन बाबा अजून बोलत नाहीत माझ्याशी. आजोबांचा अ‍ॅटलास आणि आजचा नकाशा दोन्ही जमिनीवर पसरले, पाच पोरं पालथी पडून बघत होती. जुन्यात इथिओपियाला किनारा, नव्यात नाही, जवळपास सगळा माल शेजारच्या जिबूती देशाच्या बंदरातून. चिनी कंपन्यांनी बांधलेली अदिस अबाबा ते जिबूती रेल्वे त्यांनी दोऱ्याने मोजली. आणि पोरगी उठून बसली, म्हणाली, "आई, म्हणजे हे नाशिकसारखंच ना? आपला कांदा पण न्हावाशेवा बंदरालाच जातो. पण न्हावाशेवा दुसऱ्या देशात असतं तर?" मग अर्धा तास तेच. जिबूती ब्रिक्समध्ये नाही हे त्यांच्यातल्याच एकाने शोधलं आणि सगळे ओरडले.

सादरीकरणात त्यांनी "जा, पण पैसे येतील असं धरून बजेट करू नका" असं सांगितलं. एका मुलाच्या आजीने आंबोळ्या करून दिल्या होत्या, इंजेरा म्हणून, वर मसूर. बहुध्रुवीय शब्द एकदाही आला नाही. दहापैकी सात मिळाले, तीन चार्ट पेपर न लावल्याबद्दल गेले. बाईंना विचारलं की पुढे या विषयावर शिकवणार का, त्या म्हणाल्या सोमवारपासून भूमिती, परीक्षा आलीय.

दुसऱ्या एका गटाला हाच प्रश्न अर्जेंटिनासाठी होता, त्यांनी एक स्लाइड दाखवली: "अध्यक्ष बदलले. डिसेंबर २०२३ मध्ये नको असं पत्र पाठवलं. धन्यवाद." त्यांना आठ.

मिसळ_विथ_दही

अर्जेंटिनाच्या गटाला माझा सलाम.

बाई_झेडपीच्या

भूमिती!!! नेमका लोखंड तापल्यावर तास संपला. ताई, घरीच एक करा, पोरीला निफाडला नेऊन आणा. बागायतदार दादा दाखवतील ना?

निफाडचा_बागायतदार

या की, हार्वेस्टिंग चालूच आहे, पाची पोरं घेऊन या. पॅकहाऊसला डोक्याला टोपी घालावी लागंल तेवढं सांगून ठेवा. ड्रायपोर्ट, म्हंजी कंटेनरचं कोरडं बंदर, कुठं होणार ती जागा बी दाखवतो, आमचे केस पिकले ऐकून ऐकून.

खवट_आजोबा

अ‍ॅटलास परत आणून द्यावा. पान ४४ ला आंबोळीचा डाग पडला असेल तर तसं आधी सांगावं.

कॉलेजरोडवाली

आजोबा… ४५ ला पडलाय.